कॅम्परव्हॅनमधल्या नकोशा गोष्टी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्परव्हॅन म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी. भंडारदरा धरणाच्या काठावर तिचं उघडं दार आणि हातात चहा, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला येणारे प्रश्न त्या फोटोमागचे असतात. पाणी आणणं, घाण बाहेर काढणं, वीज पुरवणं ही कामं घरात नळ, ड्रेनेज आणि महावितरण करतात. गाडीत ती तुमच्याच गळ्यात पडतात. खालची उत्तरं त्याच कामांबद्दल आहेत. निघण्याआधी कोणतं काम कोण करणार एवढं ठरवलं नाही, तर पहिल्या रात्रीच घरात वाजतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

१. सगळ्यात नकोसं काम कोणतं? खरं खरं सांगा.

टॉयलेटची टाकी रिकामी करणं. बहुतेक छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट असतं, म्हणजे कमोडच्या खाली चाकांच्या बॅगेसारखा एक डबा असतो. गाडीच्या बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडून तो ओढून काढायचा. १८-२० लिटरचा डबा भरला की वीसेक किलोचा होतो आणि आत सगळं डुचमळत असतं. ओतताना हवा आत जाण्यासाठीचं बटण दाबून धरावं लागतं. ते सुटलं की डबा ‘गड् गड्’ करून उसळी मारतो आणि शिंतोडे पायावर येतात. म्हणून चप्पल नको, बूट घाला. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला, ओतण्याची नळी भांड्याच्या अगदी जवळ न्या, नंतर दोनदा स्वच्छ पाणी घालून खळबळून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर मिसळ खायला जायचं असेल तर मध्ये आंघोळीला वेळ ठेवा.

२. ही टाकी किती दिवसांत भरते?

चार माणसांत दीड-दोन दिवस. सगळे फक्त रात्रीच वापरणार असतील तर तीनही जातात. दिवसा हॉटेल, पेट्रोल पंप, देवस्थानाचं स्वच्छतागृह वापरायचं असा नियमच करून टाका. भांड्यात टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकू नका. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, मुलांचे डायपर हे सगळं वेगळ्या झाकणाच्या डब्यात. वाइप्सवर ‘फ्लश करता येतात’ असं छापलेलं असलं तरी टाकीच्या झडपेत ते अडकतात आणि मग हात घालायची वेळ येते.

३. टाकी रिकामी करायची कुठे? नाशिकजवळ तशी जागा आहे का?

अमेरिकेत किंवा युरोपात कॅम्पिंगच्या जागांवर यासाठी खास सोय असते. आपल्याकडे तसं जाळं नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान (म्हणजे अशाच राहायच्या गाड्यांच्या) पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात त्या गाड्या लावायचे कॅराव्हान पार्कही आहेत. पण शनिवारी रात्री त्र्यंबक रस्त्यावर भरलेला डबा हातात असताना धोरण उपयोगाचं नाही.

व्यवहारातला मार्ग असा की जिथे रात्री थांबणार, तिथे आधीच फोनवर विचारायचं, ‘तुमच्याकडे सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज आहे का, आणि आमच्या गाडीच्या टॉयलेटचा डबा तुमच्या संडासात रिकामा करू द्याल का?’ लाजायचं नाही. बहुतेक कृषी पर्यटनवाले हो म्हणतात, थोडे पैसे घेतात आणि ते द्यावेत. काम झाल्यावर त्यांचा संडास आधीपेक्षा स्वच्छ करून द्या, म्हणजे पुढच्या माणसालाही ते हो म्हणतील.

दुसरी गोष्ट डब्यात घालायच्या औषधाची. काही निळ्या द्रावणांत फॉर्मॅल्डिहाइड असतं. त्याने वास दबतो, पण सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणूही मरतात. म्हणून एन्झाइमवालं औषध घ्या आणि यजमानाला तसं सांगा.

नाला, पावसाळी गटार, ओढा, धरणाचा काठ यांचा विचारसुद्धा करायचा नाही. गंगापूर, मुकणे आणि दारणा ही धरणं शहराला पिण्याचं पाणी देतात. तिथे डबा उपडा करणारा तेच पाणी सोमवारी घरच्या नळाला भरतो.

४. डब्याऐवजी गाडीखाली कायमची मोठी टाकी असेल तर बरं ना?

भरेपर्यंत बरं. मग ती गाडीखालून काढता येत नाही, जाड पाइप लावून चेंबरमध्ये सोडावी लागते आणि त्यासाठी चेंबर गाडीपेक्षा खाली लागतो. शेवटी सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलवायची पाळी येते. भाड्याने घेत असाल तर माझं मत कॅसेटलाच आहे.

५. टॉयलेट स्वच्छ आहे, तरी गाडीत वास का येतो?

नव्वद टक्के वेळा तो सांडपाण्याचा असतो. सिंक आणि बेसिनचं पाणी वेगळ्या टाकीत जातं. त्यात तेल, भाताची शितं, डाळ, साबण. एप्रिल-मे मध्ये पत्रा तापला की एका दिवसात ते पाणी आंबतं, आणि हा वास संडासापेक्षा वाईट असतो. भांडी आधी कागदाने पुसून घ्या, सिंकला बारीक जाळी लावा, टाकी रोज रिकामी करा. मळ्यात असाल तर शेतकऱ्याला विचारून झाडाच्या आळ्यात सोडता येतं, विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ मात्र नाही. सिंकखालचा वाकडा पाइप कोरडा पडला तरी वास वर येतो. निघण्याआधी प्रत्येक सिंकमध्ये पेलाभर पाणी ओतलं की तो थांबतो.

६. पाणी किती पुरतं? भरायचं कुठून?

१०० लिटरची टाकी चार माणसांना एक दिवस, फार तर दीड दिवस. घरची शॉवरची सवय ठेवली तर सकाळी अकरालाच पंप कोरडा ओढायला लागतो, आणि कोरडा पंप लवकर जळतो. बादली-मग न्या, आंघोळ एका बादलीत बसवा. मळ्यातल्या बोअरचं पाणी भरायला मिळतं, पण ते वापरापुरतंच. प्यायला २० लिटरचे जार वेगळे. पाइप आपला न्या, तोही फक्त पिण्याच्या-वापराच्या पाण्यासाठी राखलेला. डबा धुवायचा पाइप वेगळ्या रंगाचा असावा. हा रंग घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मदत करायला उत्सुक असलेल्या मामांना, दाखवून ठेवा.

आणि १०० लिटर म्हणजे १०० किलो. घाट चढायचा असेल तर टाकी वर पोहोचल्यावर भरलेली बरी.

७. एसी रात्रभर चालेल ना?

बॅटरीवर नाही चालणार. एक टनाचा एसी साधारण १ किलोवॉट खातो. २०० अँपियर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर दोन-सव्वादोन तास. कॉम्प्रेसर मधून मधून बंद पडला तर थोडं जास्त. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असते, म्हणजे तासभर. छतावरच्या सोलर पॅनेलने दिवे, पंखा, मोबाइल आणि छोटा फ्रिज चालतो. जुलैत इगतपुरीच्या ढगाखाली तेही रडतखडत.

नाशिकला बऱ्याच रात्री एसी लागतच नाही, हे लोक विसरतात. एप्रिलमध्येही गाडी दुपारी झाडाखाली लावली आणि छतावरचा फॅन चालू ठेवला, तर रात्री अकरानंतर झोप लागते. तापतं ते संध्याकाळी सहा ते नऊ. तेवढा वेळ बाहेर बसा.

८. मळ्यातल्या मोटरच्या कनेक्शनवरून गाडीला वीज घेतली तर?

घेऊ नका. शेतीपंपाची वीज पाळीने येते, दाब वरखाली होतो आणि ती शेतीच्याच कामासाठी दिलेली असते. घराच्या किंवा शेडच्या मीटरवरून घ्या, अर्थिंग असलेल्या १६ अँपियरच्या सॉकेटमधून. वायर तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची. रिळावर गुंडाळलेली वायर तशीच ठेवून एसी लावला की रीळ तापून वितळतं, म्हणून पूर्ण उलगडा.

९. आत स्वयंपाक, थंडीत शेगडी, याचा धोका किती?

इथे चेष्टा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. सुरक्षा नळीवरची मुदत तपासा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा राज्यात सगळ्यांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत असतो, आणि पत्र्याची गाडी घरापेक्षा लवकर गार पडते. कोणीतरी कोळशाची शेगडी आत घ्यायचं सुचवतंच. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. शेगडी, जनरेटर, चालू इंजिन, गॅस गिझर यांपैकी काहीही चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही. डिटेक्टर लावा, दोन गोधड्या जास्त न्या.

इंडक्शन हा पर्याय चांगला आहे, पण बॅटरीचं गणित तेच. प्रश्न ७ पाहा.

१०. रात्री गाडी कुठे लावायची? धरणाच्या काठावर लावली तर कोण काय म्हणणार आहे?

पोलीस म्हणतील, पाटबंधारे खात्याचा माणूस म्हणेल, किंवा रात्री दीडला दारू प्यायला आलेलं टोळकं म्हणेल. तिसरे जास्त त्रासाचे. काठावरचा सूर्यास्त बघा आणि झोपायला कुंपणाच्या आत या. कृषी पर्यटन केंद्र, होमस्टे, ओळखीच्याचा मळा. गावात शिरलात तर पहिल्या टपरीवर चहा घेत विचारा, ‘दादा, रात्रीपुरती गाडी लावायला कुणाच्या मळ्यात जागा मिळंल का?’ विचारून थांबलेल्या गाडीकडे अख्खी वस्ती लक्ष ठेवते.

हायवेवरच्या धाब्याचं पार्किंग शेवटचा पर्याय. सुरक्षित असतं, पण शेजारच्या ट्रकचा क्लीनर पहाटे चारला टायर ठोकून हवा बघतो. समृद्धी महामार्गाच्या कडेला, अगदी ‘दोन तास डोळा लावतो’ म्हणूनही, थांबू नका. मागून येणारी गाडी १२०च्या वेगात असते.

११. द्राक्षाच्या मळ्यात थांबायचं आमचं स्वप्न आहे. त्यात काय त्रास असणार?

फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला वारंवार औषध मारतात, आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर बहुधा सकाळी लवकर सुरू होतो. तुमची जाळीची खिडकी उघडी आणि वारा तुमच्याकडे, तर औषध थेट अंथरुणावर. आदल्या संध्याकाळी ‘उद्या फवारणी आहे का’ हे विचारा, असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला गाडी लावा किंवा निघा. बागेतली द्राक्षं न विचारता आणि न धुता खाऊ नका.

पावसाळ्यात लासलगाव-चांदवडकडे थांबत असाल तर कांदा चाळीपासून लांब. चाळीत माल सडायला लागला की तो वास कपड्यांत बसतो.

१२. गाडी रुतली तर?

पावसाळ्यात काळ्या जमिनीत ती रुततेच. संध्याकाळी कडक वाटणारं रान रात्रीच्या सरीनंतर लोणी होतं, आणि साडेतीन टनांची गाडी पहाटेपर्यंत हळूहळू खाली बसते. मुरूम टाकलेली जागा, खळं, पॅकिंग शेडसमोरचा कोबा यांवरच लावा. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक अजून खड्डा करतं. ट्रॅक्टर बोलवा. ओढायचा दोर बंपरला नाही, चेसिसच्या हुकाला. ट्रॅक्टरवाला पैसे नको म्हणतो, तरी डिझेलचे द्या.

जमीन सपाट आहे का हेही लावतानाच बघा. डोकं उताराकडे करून झोपलं की सकाळी डोकं जड होतं, आणि टाकीतलं पाणी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पंपाला हवा लागते. चाकाखाली फळी, हँडब्रेक, मागे दगड, या क्रमाने.

१३. पावसाळ्यात गाडीत ओल येते. इलाज?

चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ओले रेनकोट आत टांगलेले, खिडक्या बंद. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ आणि गादीखाली बुरशी. पाऊस असला तरी छतावरचं झाकण दोन बोटं उघडं ठेवा, ओलं काहीही आत नको, सकाळी गादी उभी करा. इगतपुरी-भावली भागात सलग तीन दिवसांचा मुक्काम मी तरी जुलैत सुचवत नाही. एक रात्र पुरे, मग निफाड-सिन्नरच्या कोरड्या बाजूला उतरा. गळती बहुधा छतावरच्या एसी किंवा पॅनेलच्या स्क्रूभोवती असते. मे महिन्यात सीलंट बघून घ्या.

१४. बिबट्या येईल का?

येऊ शकतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी या भागांत उसाच्या कडेला त्याचा वावर आहे, आणि गावकरी तसं सांगतात तेव्हा ते घाबरवत नसतात. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडू नका, कुत्रा गाडीबाहेर बांधू नका, मटणाची हाडं बाहेर टाकू नका, आणि ‘डब्याऐवजी उसाच्या फडात जाऊन येतो’ हा पराक्रम नको. बंद गाडीत तुम्ही सुरक्षित आहात. रोजचा खरा उपद्रव माकडांचा. त्र्यंबक, अंजनेरी आणि सप्तशृंगी गडावर ती जाळी फाडून आत येतात.

१५. लोक सारखे गाडी बघायला येतात. नाही म्हणता येत नाही.

म्हणू नका, वेळ ठरवा. पोरं पायरीवर चढतात, त्यांच्यामागे त्यांची आई, मग आजी. ‘टीव्ही आहे का’, ‘गॅस आहे का’, आणि शेवटी दबक्या आवाजात, ‘मग संडास कुठं जातो हो?’ संध्याकाळी अर्धा तास सगळ्यांना दाखवून टाका, त्यानंतर पडदे ओढले तर कुणाला राग येत नाही. कपडे बदलायचे असतील तर पुढच्या काचेचा पडदा आधी तपासा. तोच सगळे विसरतात.

१६. भाड्याच्या गाडीबरोबर ड्रायव्हर येतो. तो झोपतो कुठे?

हा प्रश्न बुकिंग झाल्यावर विचारला जातो, तो आधी विचारायला हवा. काही गाड्यांत पुढे वेगळी केबिन असते, बऱ्याच गाड्यांत नसते. मग दिवसभर घाट चालवलेला माणूस सीट मागे पाडून झोपतो आणि मधल्या पडद्याअलीकडे तुम्ही कुजबुजत बोलता. होमस्टेमध्ये त्याच्यासाठी खोली किंवा निदान खाट-पांघरूण ठरवा, जेवण आपल्याबरोबर. डबा कोण रिकामा करणार हेही आधी बोला. न विचारता ते त्याच्यावर ढकलणं बरं नाही. मुळात ते त्याच्या कामात धरलेलं नसतं.

१७. आई-बाबांना न्यावं का?

गुडघे चांगले असतील तर जरूर. गाडीची पायरी उंच असते, टॉयलेटचं दार अरुंद असतं आणि रात्री उठताना कुणाला तरी ओलांडावं लागतं. त्यांना दाराजवळचा खालचा पलंग द्या, बाहेर एक मजबूत स्टूल ठेवा. पहिली रात्र घरापासून तासाभराच्या आत, गंगापूर रोडवर किंवा दिंडोरीकडे. नाही जमलं तर परत येता येतं. आणि गाडी चालू असताना कुणीही, ‘जरा पाठ टेकते’ म्हणूनसुद्धा, पलंगावर झोपायचं नाही. पट्टा लावून सीटवर बसायचं.

१८. घाटात आणि गावांतून ही गाडी नेणं किती अवघड?

लांबीपेक्षा उंची नडते. छतावर एसी असलेली गाडी साडेनऊ फुटांच्या आसपास जाते. नेमकी उंची मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मॉलचं तळघर, गावची कमान, खाली आलेली वीजतार, लग्नाच्या मांडवाचा दोर या चार जागी उतरून बघायचं. कसारा, सापुतारा, सप्तशृंगी गड कुठलाही घाट उतरताना चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून लागेनासे होतात. कपाटांच्या कड्या आधी लावा. घाटात मागे कुकर सुटला की ड्रायव्हर दचकतो.

१९. लायसन्स, पाटी, सापुताऱ्याला जाणं: कायद्याचं काय?

साडेसात टनांपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालते. भाड्याच्या गाडीची नंबरची पाटी पिवळी असते. स्वतः चालवायला देणाऱ्यांची काळी, त्यावर पिवळे अक्षर. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा वाद तुमच्या अंगावर येईल. सापुतारा गुजरातेत आहे, म्हणून ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते निघण्याआधी बघा. स्वतःच्या ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्परव्हॅन करून घेणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद आरसीवर व्हायला हवी. ‘आधी बनवू, मग आरटीओला जाऊ’ हा क्रम महागात पडतो.

२०. वाइनरीत टेस्टिंग करून तिथल्याच पार्किंगमध्ये झोपलो तर चालेल ना?

त्यांनी आधी, लेखी, हो म्हटलं असेल तरच. संध्याकाळी पार्किंग बंद करणारे बरेच असतात. मग रक्षक नऊला काच वाजवतो आणि गाडी हलवायची वेळ येते. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा कॅम्परव्हॅनलाही तीच आहे. त्यामुळे एक जण न पिणारा हवाच.

२१. कोणत्या तारखा टाळू?

तिसरा श्रावणी सोमवार त्र्यंबककडे नको. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी गर्दी होते आणि खासगी गाड्या बाहेरच थांबवतात. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार पहिने आणि भंडारदरा नको. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात. तेव्हा भंडारदऱ्याच्या अरुंद रस्त्यांवर रात्री गाड्या अडकून बसतात, आणि हेडलाइटने काजवेही विझतात. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, मुक्कामाचे नियम वनखात्याचे. २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात मोठी गाडी घेऊन शिरूच नका. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात जा, पण जनरेटर घरी ठेवून. लोक तिथे पक्षी ऐकायला आलेले असतात.

२२. एवढं सगळं करून हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का?

नाही. दिवसाचं भाडं, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, थांबायच्या जागेचे पैसे आणि परत देतानाची साफसफाई धरली तर दोन खोल्यांचं चांगलं हॉटेल बहुधा स्वस्त पडतं. ज्यांना पहाटे दार उघडताच समोर डोंगर हवा आणि त्यासाठी प्रश्न १ मधलं काम चालतं, त्यांनीच घ्यावी.

२३. परत आल्यावर गाडी सोसायटीत उभी करू देतील का?

सचिवांना आधी विचारा, आणि गेटची उंची मोजा. सोसायटीच्या पावसाळी जाळीत टाकी सोडली तर पुढच्या सभेत विषय एकच असेल. त्यामुळे दोन्ही टाक्या घरी येण्याआधी, शेवटच्या मुक्कामीच रिकाम्या करा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर फ्रिजचं दार उघडं, स्वच्छ पाण्याची टाकी कोरडी, बॅटरी कटऑफ स्विचने बंद केलेली, सिलिंडर उतरवलेला. खाण्याचा कण आत ठेवू नका. पार्किंगमधले उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि ते विम्यात बसेल की नाही हे पॉलिसी काढतानाच विचारून घ्या.